रुंद दाराचं बाथरूम

नाही नाही, हातोडा राहू द्या पिशवीतच. आधी नीट बघून तर घ्या. फोनवर माझ्या मुलानं काय सांगितलं तुम्हाला — सगळं उखडायचं, पहिल्यासारखं करायचं, आणि तेही स्वस्तात, हो ना? माहितीये मला. त्याचं बरोबरच आहे म्हणा. वडील गेले, आई एकटी पडली, घर भाड्यानं द्यावं आणि आईला आपल्याकडे घेऊन जावं — चांगला मुलगा आहे हो, आजकाल कोण विचारतं? तर तो म्हणतो, असलं बाथरूम बघून भाडेकरू दारातूनच परत जातील, दवाखान्यासारखं दिसतं. दिसतं का हो दवाखान्यासारखं? — असू दे, नका सांगू. या आत. हळू. तसं घसरायचं काही भय नाही, फरशी खरखरीत आहे, मुद्दाम घेतलीय.

हे दार बघा. पूर्वी एवढंसं होतं, हातात बादली असली की तिरकं होऊन आत शिरावं लागायचं, आणि खाली हा असा उंच कट्टा, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. चालत होतं आमचं. मग ह्यांना झटका आला — डोक्यात, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. हॉस्पिटलात ह्यांचा व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची, गोड होती अगदी, तिनं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, काकू, काकांची चाकांची खुर्ची तुमच्या बाथरूममध्ये जाईल ना? मी म्हटलं, अगं, आमच्या बाथरूममध्ये मीच जेमतेम जाते. ती हसली, मीही हसले. आणि मग जिन्यात जाऊन बसले बराच वेळ. तिनंच सांगितलं सगळं — दार रुंद करा, कट्टा फोडा, नळ खाली घ्या, धरायला दांडा बसवा, काका आले की त्यांना त्यांची आंघोळ त्यांची त्यांना करता आली पाहिजे. काका आले की. असंच म्हणायची ती, आले तर नाही म्हणायची.

आता तुम्ही म्हणाल, ह्या तीन भिंतींवर तीन तऱ्हेच्या टाइल्स कशा? — बघितलं मी तुम्ही भुवया उडवल्यात त्या! अहो, औषधांतून काय उरणार? त्या टाइल्सच्या दुकानामागे पत्र्याची शेड आहे ना, तिथे कोणाचा अर्धा खोका, कोणाच्या दहा-बारा उरलेल्या, असा माल पडलेला असतो. धुळीत बसून मी एकेक उचलून बघायची. आणि मला काही कळत नव्हतं रंगातलं. कळायचं कारणच पडलं नव्हतं कधी — रंग म्हणजे ह्यांचं खातं. रंगारी होते ना हे! ह्या बाजूची निम्मी घरं ह्यांच्या हातची आहेत, तुम्ही काम केलं असेल एखाद्या ठिकाणी बरोबर, उंच, वाकलेले, कानामागे पेन्सिल — नाही आठवत? असू दे. लोकांच्या भिंती आरशासारख्या करायचे आणि आमच्या मोरीत पोपडे. मी म्हणायची, एक रविवार द्या की घराला, तर म्हणायचे, रविवारी मला ब्रश दाखवू नकोस. एवढंच. तसं बोलणंही फार नव्हतंच ह्यांचं, शब्द खर्चायचा म्हणजे पदरमोड होते की काय कोण जाणे.

तर मी काय केलं — एक टाइल टॉवेलात गुंडाळली, पिशवीत घातली आणि गेले हॉस्पिटलात. गेटवरचा वॉचमन म्हणतो, बाई, हे काय, फरशी? पेशंटला फळं आणतात! मी म्हटलं, माझ्या पेशंटला हेच लागतं. वर गेले, खिडकीच्या उजेडात धरली ह्यांच्यासमोर. आमचं ठरलं होतं — ह्यांच्या डाव्या हातात माझा हात, एकदा दाबला तर हो, दोनदा दाबला तर नाही. त्या मुलीनंच शिकवलं होतं. पांढरी टाइल दाखवली, दोनदा दाबला. मी म्हटलं, का हो, स्वच्छ दिसेल की! पुन्हा दोनदा, आणि डोळे असे वर छताकडे केले. बघितलं मी वर, तर ते छत पांढरं, भिंती पांढऱ्या, चादर पांढरी. म्हटलं, कळलं हो, कळलं. मग ही निळी नेली — एकदा. ही करडी — एकदा. ही फिकट हिरवी आहे ना, तिला आधी दोनदा दाबला, मग मी निळीच्या शेजारी धरली तेव्हा एकदा. म्हणजे शेजार बघत होता माणूस, पडल्या पडल्या! हसताय तुम्ही, मीही हसले तेव्हा. खरं सांगू का — लग्न झाल्यापासून आम्ही दोघांनी मिळून काही निवडलंच नव्हतं. हे घरसुद्धा ह्यांनीच बघितलं, मी कुलूप उघडल्यावर पाहिलं. आणि आता रोज दुपारी आमची अशी बैठक, नळ कुठला, दांडा केवढ्यावर. आजूबाजूच्या पलंगांवरचे लोक माना वर करून बघायचे. इतकं बोलणं आमच्यात उभ्या संसारात झालं नव्हतं, आणि ह्यांच्या तोंडातून एक शब्द फुटत नव्हता.

हा दांडा धरून बघा. नाही, धरा घट्ट, लोंबकळलात तरी हलायचा नाही. स्टीलचा परवडत नव्हता, साधा पाण्याचा पाइप आहे, नळवाल्यानं वाकवून दिला. ऑइलपेंट मी लावला — माळ्यावरून ह्यांचा डबा काढला, ह्यांचाच ब्रश. इथे बघा, ब्रशचा केस अडकलाय रंगात. ह्यांनी पाहिला असता तर पुन्हा घासायला लावला असता सगळा.

ही चौथी भिंत तेवढी राहिली. पहिला गवंडी मोठ्या कामावर गेला, उद्या येतो परवा येतो करत. आणि तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, आता घरी न्यायला हरकत नाही. मी धावत गेले ह्यांच्याकडे. म्हटलं, झालं हो, एक भिंत सोडली तर सगळं झालं, खुर्ची थेट आत जाते, मी स्वतः बसून बघितलं, शेजारणीनं ढकललं मला. आता यायचं ना घरी?

दोनदा दाबला.

म्हणजे — हात थरथरायचा ह्यांचा. कधी कधी चुकूनही दाबला जायचा. दमलेला माणूस, दुपारची वेळ, झोपेत होते जरा. मुलानं विचारलं संध्याकाळी, बाबा काय म्हणाले, तर मी सांगितलं, हो म्हणाले. तसंच असणार ना? कोणाला घरी यायचं नसतं? स्वतः पसंत केलेल्या टाइल्स, स्वतः —

नाही. चुकून नव्हतं ते. कारण मी उलटं करून विचारलं होतं. म्हटलं, घरी नाही यायचं? — तर एकदा. सावकाश, असा धरून ठेवला हात. मग सोडला आणि तोंड भिंतीकडे केलं. कोणाला नाही सांगितलं मी हे. तुम्हाला का सांगतेय कुणास ठाऊक, तुम्ही आपले माप घ्यायला आलात.

तरी मी थांबले नाही हो. वाटलं, डोळ्यांनी बघतील तर मन फिरेल. शेजारणीच्या फोनवर फोटो काढले, हा दांडा, ही खुर्ची, हा खाली घेतलेला नळ, आणि दाखवले एकेक. बघत होते. सगळे बघितले, दांड्याच्या फोटोवर थांबले, तो केस दिसला असेल का हो फोटोत? — मग डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं. पुसायला पदर नेला तर मान फिरवली. त्यानंतर छातीत कफ साठला, ताप, पुन्हा नळ्या, आणि एका सकाळी मी गेले तर पलंगावर नुसती गादी. चादर काढलेली.

काय म्हणालात? — हो. हो, तुमचे वडीलही घरच्यांना त्रास नको म्हणूनच नाही म्हणाले असतील. सगळे हेच म्हणतील. नणंदही तेच म्हणाली असती, ती व्यायामाची मुलगी भेटायला आली होती तीही तेच म्हणाली असती, तिला सांगितलं असतं तर. तुम्हाला त्रास नको म्हणून, काकू. बायकोनं उचलायचं, धुवायचं, पुसायचं, मानी माणूस, नाही सहन झालं. कळतं मला. मला काय कळत नाही का? पण मला कोणी विचारलं? मला तो त्रास हवा होता हो. मी दार फोडून घेतलं त्या त्रासासाठी! धुळीत बसले, डोक्यावरून टाइल्स आणल्या, हे घरी यावेत म्हणून — आणि हे एवढं सगळं निवडलं माझ्याबरोबर, रोज दुपारी, मन लावून, आणि आत यायचंच नव्हतं ह्यांना. मग निवडलं कशाला? माझं मन राखायला? का निवडायलाच आवडत होतं, माझ्यासारखं? — तुम्ही नका सांगू. तुम्हाला काय माहीत. कोणालाच नाही माहीत.

नाही, पाणी नको. ठेवा तो गडवा.

हे बघा, टेप गुंडाळा तुम्ही. काही मोजू नका. मुलाचा फोन आला तर सांगा, भिंत कच्ची आहे, दांडा काढला तर भिंत येईल खाली, चांगल्या गवंड्यानं हात लावू नये. असं सांगा. तुमचं ऐकेल तो. हेलपाटा पडला तुम्हाला, माफ करा.

जा आता. बाहेरचं दार ओढून घ्या जाताना. दिवा राहू दे इथला, मी बसतेय जरा.