हॉइटने गाडी का थांबवली

कॅरोलायनातल्या आमच्या गावात, डोळ्यांच्या दवाखान्यात, माझ्या शेजारी दोन म्हातारी माणसं बोलत होती.

"हॉइट, गावची मोटारशर्यत शेवटची झाली, तेव्हा तूच पुढे होतास. मग मधेच गाडी का थांबवलीस?"

"आज कुठून आठवलं, व्हर्नेल?"

"माझा भाऊ क्लेटन मरेपर्यंत म्हणायचा, हॉइटने दया येऊन मला जिंकू दिलं. तो करंडक त्याने कधी बाहेर मांडलाच नाही."

"दया कसली! माझ्या बायकोला, ओपलला, नववा महिना होता. बघतो तर प्रेक्षकांत तिची जागा रिकामी! वाटलं, कळा सुरू झाल्या."

"मग?"

"बाईसाहेब उकडलेल्या शेंगा आणायला गेल्या होत्या. म्हटलं, पुढच्या वर्षी जिंकू. तर शर्यतच बंद पडली."

"अरे, मग हे क्लेटनला का नाही सांगितलंस?"

"शेंगांपायी हरलो, हे कुणाला सांगू?"