वेसच्या चार बंदुका

(शनिवारची सकाळ. ऑर्विल आणि डोरीन हौगन या नवरा-बायकोच्या दारात शेजारची मारिट, वेसची बायको, उभी आहे. मागे तिची गाडी चालूच आहे.)

मारिट : चारच आहेत. तुमच्या लोखंडी कपाटात मावतील ना, ऑर्विल?

ऑर्विल : आधी हे सांग, भरलेल्या आहेत का?

मारिट : नाही. गोळ्या डायपरच्या पिशवीत आहेत. बंदुका डिकीत, गोधडीत गुंडाळून.

ऑर्विल : आणि पोर?

मारिट : मागच्या सीटवर झोपलीय. हीटर बंद झाला की उठते, म्हणून गाडी चालू ठेवलीय.

डोरीन : अगं, आत तरी ये! ऑर्विल, तिला असं दारात काय उभं केलंयस? काय झालं गं?

मारिट : वेसला बरं नाहीये.

डोरीन : ताप आहे?

मारिट : नाही. तसलं नाही. रविवारी त्यानं बसून सगळ्या बंदुका पुसल्या. मग एकेकीला चिठ्ठी बांधली. ही भावाला, ही काकांना. आजोबांची रायफल सिग्नेला, बारा वर्षांची झाली की. सिग्ने आठ महिन्यांची आहे.

ऑर्विल : बाराव्या वर्षी पहिली रायफल सगळेच देतात, पोरी. मला माझ्या बापानं दिली, वेसला त्याच्या बापानं. त्यात काही...

डोरीन : देतात, ऑर्विल. आपल्या हातानं देतात. चिठ्ठी बांधून ठेवत नाहीत.

ऑर्विल : हं.

मारिट : काल रात्री मी विचारलं. सरळच विचारलं. तो म्हणाला, हो, येतात असे विचार. मग म्हणाला, ऑर्विलकडे नेऊन ठेव. दुसऱ्या कुणाकडे नको. सकाळी गाडीत त्यानंच ठेवल्या.

डोरीन : आणि आत्ता घरी कोण आहे त्याच्याजवळ?

मारिट : कुणी नाही. बंदुका सगळ्या माझ्याकडे आहेत, म्हणून तर आले. दहा मिनिटांत परत जाते.

डोरीन : ऑर्विल, किल्ली आण.

ऑर्विल : थांब जरा.

डोरीन : कशाला थांबू?

ऑर्विल : असं चालत नाही, डोरीन. नात्यातला नसेल त्याच्या हातात बंदूक द्यायची तर बंदुकीच्या दुकानात जावं लागतं. दोघांनी फॉर्म भरायचा, सरकारी यादीत माझं नाव तपासलं जाणार. परत देताना पुन्हा तेच, तेव्हा त्याचं नाव. राज्याचा कायदा आहे. मला आवडत नाही, पण आहे. चाळीस वर्षांत मी साधी छऱ्याची बंदूकही कागदाशिवाय कुणाला दिली नाही, घेतली नाही. आमच्या बंदूकवाल्यांतला एक कायदा मोडतो आणि टीव्हीवर सगळ्यांची तोंडं दाखवतात.

मारिट : दुकानात तो येणार नाही. काउंटरवर गस असतो. वेसच्याच वर्गातला. संध्याकाळपर्यंत गावभर होईल.

ऑर्विल : दुकान तसंही शनिवार-रविवार बंद असतं, सोमवारीच उघडेल. शेरीफच्या ठाण्यात दिल्या तर?

मारिट : शेरीफकडे एकदा गेली की परत येत नाही, असं तुम्हीच म्हणालात ना?

ऑर्विल : मी? कधी?

मारिट : फेब्रुवारीत. राजधानीत, त्या विधेयकावरच्या समितीपुढे. मी फोनवर बघत होते, सिग्नेला पाजता पाजता. तुम्ही लग्नातला कोट घातला होता.

डोरीन : लग्नातला नाही गं. तो आता ह्याला कुठला होतोय! मेव्हण्याचा होता.

ऑर्विल : ते विधेयक वेगळं होतं.

मारिट : तेच होतं. मित्राची बंदूक काही दिवस सांभाळायची असेल तर फॉर्म नको, दुकान नको. एवढंच होतं त्यात. दोन पानं. मी वाचलं होतं.

ऑर्विल : वरवर एवढंच असतं, पोरी. आज म्हणतात सांभाळायला द्या. उद्या म्हणतील, तुम्ही आजारी दिसता, शेजाऱ्याकडे द्याच. परवा परत मागायला गेलं की, थांबा, बघू. असंच जातं हातातून. बंदूक बाळगणं हा घटनेनं दिलेला हक्क आहे, सरकारनं केलेली मेहरबानी नाही. तीन मिनिटं मिळाली होती, तेवढ्यात हेच सांगितलं.

मारिट : छान बोललात. वेसनं टाळ्या वाजवल्या. सोफ्यावर बसून.

डोरीन : एका मतानं पडलं ते विधेयक. घरी आल्यावर ह्यानं खुशीत सांगितलं होतं मला.

मारिट : हक्क तर वेसचाही आहे ना, ऑर्विल? स्वतःची बंदूक कुणाकडे ठेवायची हे ठरवायचा?

डोरीन : बोल ना. तिथं तीन मिनिटं बोललास, इथं घड्याळ लावलेलं नाही.

ऑर्विल : एक कलम आहे. आत्ता, ह्या क्षणी जिवाला धोका असेल तर घेता येते. तो क्षण असेपर्यंतच. तो टळल्यावर माझ्याकडे राहिली की गुन्हा. मग सांग मारिट, किती वेळाचा आहे हा क्षण? शेरीफनं विचारलं तर मी काय सांगू?

मारिट : मला माहीत नाही. आरागिरणी सप्टेंबरात बंद पडली, वेसचं काम गेलं. तेव्हापासून चालूच आहे.

डोरीन : ऑर्विल.

ऑर्विल : ऐकलं मी. किल्ली खिडकीशी आहे, पिठाच्या डब्यामागे. तू पोरीजवळ बस, मारिट. मी उतरवून घेतो.

मारिट : चिठ्ठ्या काढू का?

ऑर्विल : राहू देत. हात लावू नकोस. (बंदुका एकेक करून आत आणतो.) डोरीन, वेसला फोन लाव, बंदुका पोचल्या म्हणून मीच सांगतो. त्याच्या तोंडून एकदा ऐकायचंय मला, त्याच्याच मर्जीनं आल्यात म्हणून.

डोरीन : घे. वाजतोय.

ऑर्विल : वेस? मी ऑर्विल. आली इथं, दोघी ठीक आहेत. हो. हो, कपाटातच ठेवतोय... अरे, आभार कसले. जेव्हा मागशील तेव्हा देईन, फॉर्म-बिर्म गेला खड्ड्यात... हो, चारही... काय? पुन्हा बोल... नाही, चारच आल्यात... कुठं?... बरं. बरं. चांगलं केलंस सांगितलंस. आता कुठं बसलायस तू?... ट्रकमध्ये.

मारिट : चारच आहेत. मला चारच माहीत आहेत.

ऑर्विल : वेस, ऐक. मी येतो आणि ती पाचवीही घेऊन जातो. ती आहे तिथंच, सीटखाली असू दे. तू खाली उतर, स्वयंपाकघरात जा, खुर्चीवर बस. फोन ठेवायचा नाही. डोरीनला बोलायचंय तुझ्याशी.

डोरीन : मला?

ऑर्विल : घे. कशावरही बोल. मी पोचेपर्यंत बोलणं थांबवू नकोस.

मारिट : मी येते बरोबर.

ऑर्विल : नाही. तू पोरीला घेऊन आत ये. गाडीची किल्ली मला दे.

मारिट : त्याच्या वडिलांचं पिस्तूल असेल. विकलं म्हणाला होता.

ऑर्विल : दे, मारिट. किल्ली.

मारिट : गाडीतच आहे. गाडी चालूच आहे.

डोरीन : वेस, मी डोरीन. नाही रे, काही विशेष नाही. हरणाचं मांस खारवतोस ना तू, ते किती दिवस ठेवतोस? माझं दरवेळी कडक होतं... हो, पहिल्यापासून सांग. सावकाश सांग, मी लिहून घेतेय.