सगळीकडे आई

शेषाद्री: आणि माझ्या आठवणींच्या पुस्तकांत ही रुक्मिणी आईळ कोण? या नांवाची बाई मी जन्मांत पाहिली नाहीं.

कीर्ती: कुठे, अप्पा?

शेषाद्री: हें बघ. 'शेजारच्या रुक्मिणी आईळ गच्चीवर वडामाचे पापड वाळत घालीत.' पुढे आणखी. 'आम्ही आई मेसमध्ये इडली खाल्ली.' अय्यो, त्या मेसचें नांव अम्मा मेस. आमच्या तंजावरच्या गल्लींत कोणालाही विचार.

कीर्ती: अगं बाई. म्हणजे त्या रुक्मिणी अम्माळ. अम्माळमधलं अम्मा बदललं आणि ळ तसाच राहिला.

शेषाद्री: बदललें कोणी?

कीर्ती: मीच. पुण्याला छापायला पाठवायचंय म्हणून शुद्धलेखन बघत होते. तुमच्या लिखाणात कुठे आई, कुठे अम्मा. मला वाटलं, तुम्ही फोनशी बोलून लिहिलंत, त्यात तमिळ शब्द आपोआप घुसला असेल. पुण्यातले लोक नावं ठेवतील. म्हणून कॉम्प्युटरला सांगितलं, अम्मा दिसेल तिथे आई घाल. एक बटण दाबलं की सगळीकडे होतं ते.

शेषाद्री: मला विचारायचें नाहीं?

कीर्ती: तुम्ही झोपला होतात. आणि एवढ्याशा गोष्टीसाठी काय उठवायचं, असं वाटलं.

शेषाद्री: सरि, झालें तें झालें. आतां उलटें बटण दाब. आई काढ, अम्मा घाल.

कीर्ती: घालते की. पण मग एकही आई राहणार नाही हं पुस्तकात. चालेल?

शेषाद्री: कसें चालेल? आई ती आई आणि अम्मा ती अम्मा.

कीर्ती: म्हणजे?

शेषाद्री: दोघी त्या. आई मी तीन वर्षांचा असतां गेली. मग वडिलांनीं तिच्याच पाठच्या बहिणीशीं लग्न केलें. तिनें मला वाढवलें. तिला मी अम्मा म्हणें.

कीर्ती: लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे मला वादिराजनं कधीच सांगितलं नाही.

शेषाद्री: त्याला तरी कुठे ठाऊक? त्याची आजी म्हणजे अम्माच. म्हणून तर लिहायला बसलों ना. आईचा फोटोदेखील नाहीं घरांत. अंबुजाक्का माझ्याहून दहा वर्षांनीं मोठी, तिला सगळें आठवे. ती फोनवर सांगे, मी तें या फोनला सांगें. मधें मधें माझ्या गोष्टी. आतां अक्का नाहीं. आईचीं दहाबारा वाक्यें असतील, तेवढींच. तीं काढून दे मला, बाकी कसेंही छाप.

कीर्ती: अप्पा, बसा जरा.

शेषाद्री: बसलोंच आहे.

कीर्ती: तीनशेच्या वर जागी आई झालंय. त्यातली तुमची दहाबारा कुठली, हे आता कॉम्प्युटरला कळत नाही. दोन डब्यांतली डाळ एकात ओतावी तसं झालंय. आणि मी फाइल बंद केली, म्हणजे मागेही जाता येत नाही.

शेषाद्री: पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत ठेवली होती ना, त्यावर असेल की.

कीर्ती: त्यावर हीच चढवली. याच नावाची फाइल आहे, तिच्या जागी ही ठेवू का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. थांबा, वादिराजला विचारते. तो काहीतरी करेल.

(कीर्ती आत जाऊन वादिराजला शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात फोन करून येते.)

शेषाद्री: काय म्हणतो?

कीर्ती: फोनमधून काढून ज्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवलं होतं, तो त्यानं केव्हाच पुसून देऊन टाकला. अंबत्तूरला त्याचा एक ओळखीचा आहे, गेलेल्या फाइली काढून देणारा. त्यालाही विचारलं. तो म्हणाला, पुसलेलं असतं तर बघितलं असतं, यावर दुसरं लिहून झालंय. अप्पा, मला फार वाईट वाटतंय. तुम्ही बोला तरी मला.

शेषाद्री: बोलून काय होतें? वाच. एकेक वाच, मी सांगतों.

कीर्ती: 'आईनं मला हाताला धरून शाळेत सोडलं.'

शेषाद्री: अम्मा. शाळेच्या वेळीं आई कुठली?

कीर्ती: बघा, हे जमतंय. 'आई गेली तेव्हा आई चुलीपाशी बसून होती.'

शेषाद्री: गेली ती आई. चुलीपाशीं अम्मा.

कीर्ती: बरोबर. 'आईचं जांभळं पातळ मला फार आवडे.'

शेषाद्री: तें पातळ आईचें. नंतर अम्मा नेसे. तिच्यासाठीं नवें कोणी घेतलेंच नाहीं.

कीर्ती: मग इथे?

शेषाद्री: पुढे वाच.

कीर्ती: 'आई वेणी घालताना गुणगुणायची.'

शेषाद्री: अक्काची वेणी. अक्कानें सांगितलेलें. म्हणजे आई.

कीर्ती: नक्की ना?

शेषाद्री: अक्काचें लग्न होईपर्यंत अम्माही घाली तिची वेणी. गुणगुणे तीही. गाणें दोघींचें एकच, माहेर एकच ना त्यांचें.

कीर्ती: राहू दे. यावर खूण करून ठेवते. 'मला ताप आला तेव्हा आई मला खांद्यावर घेऊन अंगणात फिरत राहिली.' अप्पा? पाणी आणू?

शेषाद्री: नको. मी किती मोठा होतों, लिहिलेंय?

कीर्ती: नाही लिहिलेलं.

शेषाद्री: पुन्हा वाच.

कीर्ती: 'मला ताप आला तेव्हा आई मला खांद्यावर घेऊन अंगणात फिरत राहिली.'

शेषाद्री: खांदा आठवतो मला. पण अक्कानें सांगितला म्हणून आठवतो, कीं खरेंच आठवतो, तें आतां कळत नाहीं. लिहिलें तेव्हा कळत होतें गं. म्हणून तर लिहिलें.

कीर्ती: तुम्हाला आतून काय वाटतं, तेच घालू या. आई म्हणालात तर आई, अम्मा म्हणालात तर अम्मा. कोण विचारायला येणारे?

शेषाद्री: आई म्हटलें, आणि ती अम्मा असली तर? तिनें जन्मभर माझें केलें. तिच्या खांद्यावरून उतरवून दुसरीच्या खांद्यावर देऊं मला? आणि अम्मा म्हटलें, तर माझ्या आईपाशीं राहिलें काय?

कीर्ती: मग काय करू, अप्पा? तुम्हीच सांगा.

शेषाद्री: नंतर बघूं. पुढचें वाच.

कीर्ती: पुढचं पण आईचंच आहे.

शेषाद्री: कोणत्या आईचें?