नऊशे ब्रासच्या खाली

साहेब, तुम्ही ढीग मोजलात आणि माणूस पुरलात!

थांबा, मंडळी. टाळ खाली ठेवा. आज पुराण नाही, तुमच्याच गावचं आख्यान आहे. एकच विचारतो — वरून दिसतं तेवढंच मोजून जो हात झटकतो, तो अडाणी की पापी? ऐका, मग सांगा.

कालवा खणला. माती कुठं टाकून घेतलीत? ओढ्याच्या काठावर! का? ओढा बुजला की जत्रेला पटांगण! ढीग डोंगराएवढा झाला. श्रावणात एका सकाळी तो घसरला — आणि ओढ्यात गवत कापणारा शिवाप्पा त्याच्याखाली गेला.

किती माती उपसायची ते ठरवायला तालुक्याहून साहेब आले. टेप ताणला, दुसरं टोक सरपंचांनी धरलं. लांबी, रुंदी, उंची नजरेनं — झाला गुणाकार!

"खाली जमीन सपाट ना?"

ओढा बुजवल्याची केस अंगावर येईल म्हणून तुम्ही काय म्हणालात? "सपाट, साहेब! ताटासारखी!"

अहो, वर ओढा दिसतोय, खाली ओढा दिसतोय — मधे काय तो उडी मारतो? हसू नका! साहेबांना डोळे होते. पण सरपंचांकडं पानं वाढली होती.

कागदावर नऊशे ब्रास माती. जेसीबीनं नऊशे उचलली. आजूबाजूच्या जमिनीची पातळी लागली. माणूस नाही!

"हिशोब जुळला," साहेब म्हणाले. "तो इथं नाहीच. गेला असेल कुठंतरी."

शिवाप्पाची बायको गुणाबाई जेसीबीपुढं आडवी पडली. "दादा, हितं वढा हाय! दोन पुरुस खोल! मी धुणं धुतलंय हितं. आजून खाली काढा!"

"बाई, माती संपली."

"तुमची संपली! माझा मानूस खालीच हाय न्हवं?"

सरपंचांनी तिला दंडाला धरून उठवलं. "वहिनी, घरी चला. डोकं ठिकाणावर नाही तुमचं." अख्खं गाव उभं होतं. एकानं तरी म्हणावं — ओढा होता! एकानं तरी!

पटांगण झालं. त्यावर हा मांडव. तुम्ही मांडी घालून बसलात कशावर?

ती बघा, रस्त्यापलीकडं उभी. मघाशी म्हणाली, "म्हाराज, आत हळू पाय टाका." तेव्हा कळलं मला!

साहेब बदलून गेले. त्यांचं देव बघेल. टेपचं दुसरं टोक धरणारा मात्र इथं पहिल्या रांगेत बसलाय. आरती नंतर! आधी तिच्याकडं बघून सांगा —

खाली जमीन सपाट ना?

बोला!