गावातून एकच

दर्यापूरहून अमरावतीला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक मामा आणि त्यांची भाची बसले होते. मामांच्या मांडीवर शेवंतीचं गाठोडं, भाचीच्या हातात मोबाईल.

"मामा, जिंकलो आपन. फुलं तोडाच्या दिवसाची, तोड्याची, नोंद ठेवाचं ते फुकटचं ॲप आता पयले इचारते, मंगच माहिती पाठवते."

"आधी काय करे?"

"कोन्या गावातून, कोन्या दिवशी उघडलं, सारं गुपचूप पाठवे. त्याचा कोड कोनालेही वाचता येते, म्हनून मले दिसलं."

"मंग?"

"बनवनाऱ्यायले लिहिलं. ते म्हने, आमी नाव घेतच नाही. कोन्या गावातून किती जन वापरतेत, तेवढंच मोजतो."

"बरोबरच हाय ना मंग."

"मामा, आपल्या गावात किती जन वापरतेत?"

"तूच एकटी."

"मंग नाव कायले पाहिजे त्यायले?"

"अरे हो. अन् तू तर फक्त तोड्याच्या दिवशी उघडतं. तोडा कधी हाय, हे मी सख्ख्या भावाले सांगत नाही, तोही त्याच दिवशी माल आनून भाव पाडते."

"हेच लिहिलं म्या, जसंच्या तसं. आठ दिवसांत बदललं त्यायनं. आता हो म्हटल्याबिगर साऱ्या दुनियेत कोनाचंच काही जात नाही."

"माह्या भावाचंही लिहिलं काय?"

"लिहिलं. त्यावरच पटलं त्यायले. सकाळी मोबाईलवर त्यायचं पत्र आलं, आभाराच्या यादीत तुमचं नाव अन् गाव टाकू काय म्हनून."

"तू काय म्हटलं?"

"म्हटलं, टाका. आता इचारलं ना."