तेलाचं माहेर

मंडळी, ऐका. आख्यान सुरू करण्याआधी एक प्रश्न टाकतो. उत्तराची घाई करू नका. जे पाप आपण डोळ्यांनी पाहिलं नाही, ते आपल्याला लागतं का?

हे बघा, खांबाजवळचे काका लगेच मान हलवतात — नाही लागत. छान. आमच्या पेटीवाल्यांनाही तसंच वाटतं. सगळ्यांनाच तसं वाटतं, म्हणून तर झोप लागते. काहींना तर कीर्तनातच लागते.

तर जामखेडात भास्करशेठ व्यवहारे म्हणून एक गृहस्थ. घराणं तेल्याचं. वडिलांच्या काळी दारात लाकडी घाणा होता, बैल गोल फिरायचा, करडईचं तेल निघायचं. भास्करशेठ हुशार निघाले. बैल विकला, घाणा फोडून बंबाला घातला आणि पामतेलाची एजन्सी घेतली. पंधरा किलोचा पत्र्याचा डबा! वास नाही, बी नाही, बैलाचं शेण काढणं नाही. वडेवाला घेतो, फरसाणवाला घेतो, लग्नाचा आचारी घेतो. बिस्किटात आणि साबणात तर ते आपल्याला न विचारताच येऊन बसतं. तालुक्यात एवढं तेल विकणारा दुसरा नाही.

आणि शेठच्या घरी कोणतं तेल? शेंगदाण्याचं. गिऱ्हाईकाला एक आणि पोटाला एक — याला व्यापारात शहाणपण म्हणतात. कीर्तनात काय म्हणतात ते नंतर बघू.

कंपनी खूश झाली. मोठ्या विक्रेत्यांना सपत्नीक परदेश दौरा. कुठं? इंडोनेशियात, सुमात्रा बेटावर, जिथं हे तेल पिकतं तिथं. शेठनं कोट शिवला. पत्नी इंदूबाईंनी दशम्या आणि लसणाची चटणी बांधली. निघाली वरात तेलाच्या माहेरी.

तिथं उतरल्यावर गळ्यात हार, डोक्यावर कंपनीची टोपी आणि गार हवेची बस. बोलायला एक मराठी माणूसही शोधून ठेवलेला — दगडू वाकचौरे, कोपरगावकडचा. साखर कारखान्यात बॉयलरवर होता, कारखाना बंद पडला, हा तिकडच्या तेल गिरणीच्या बॉयलरवर गेला. सहा वर्षांत तिथली भाषा शिकला. कंपनीच्या साहेबांनी त्याला ताकीद दिली होती, मी सांगेन तेवढंच सांगायचं.

बस निघाली. खिडकीबाहेर झाडंच झाडं. एका उंचीची, एका ओळीत. तासभर झालं तरी तेच. शेठ हरखले. म्हणाले, "दगडूभाऊ, काय हिरवंगार जंगल आहे हो."

दगडू हळूच म्हणाला, "शेठ, हे जंगल नाही, हे शेत आहे. जंगल इथं होतं. ते जाळलं."

पुढच्या सीटवरून साहेबांनी त्यांच्या भाषेत विचारलं, पाहुणे काय म्हणतात? दगडू म्हणाला, "पाहुण्यांना फार आवडलं."

नोकरी टिकवायची, मंडळी, तर एवढं भाषांतर यावंच लागतं.

इंदूबाईंचं लक्ष दुसरीकडे होतं. त्या म्हणाल्या, "इथं पाखरू कसं ओरडत नाही?" शेठ म्हणाले, "काचा बंद आहेत, म्हणून."

पुढं धो धो पाऊस आला आणि लाल चिखलात बस रुतली. साहेब एका मोटरसायकलवर बसून ट्रॅक्टर आणायला गेले. जाताना सांगून गेले, कुणी खाली उतरू नका. आता बायकांना उतरू नका म्हटल्यावर काय होतं, ते मी सांगायला नको. पाऊस ओसरला तशा इंदूबाई उतरल्या. त्यांच्यामागं शेठ, शेठमागं दगडू. बाकीचे विक्रेते बसमध्ये पत्ते खेळत बसले.

जवळच फळ्यांचं एक घर होतं. ओट्यावर चाळिशीची बाई. शेजारी फवारणीचा पंप, आपल्याकडे कापसाला मारतात तसाच, पाठीवरचा. दगडू म्हणाला, "ही रुसमिनी. बागेत तणनाशक मारते."

रुसमिनी. आपल्या रुक्मिणीची कुणी लांबची बहीण वाटावी. पण एक डोळा पांढरा झालेला. औषधाचा फवारा वाऱ्यानं उलटा आला आणि गेला डोळा. समोरच कंपनीचा बोर्ड होता — चित्रातल्या बाईला चष्मा, हातमोजे, तोंडाला पट्टी, सगळं काही. दगडू म्हणाला, "चित्रातलीला दिलंय. हिला मागितलं तर संपलंय म्हणतात."

रुसमिनीनं पाहुण्यांना पाणी दिलं. पिंपात धरलेलं पावसाचं पाणी. इंदूबाईंनी विचारलं, एवढी नदी जवळ असून पावसाचं का? ती म्हणाली, "नदीत गिरणीचं पाणी सोडतात. मासे गेले. आंघोळ केली तर अंगाला खाज सुटते."

मग इंदूबाईंनी विचारलं, जे दोन बायका भेटल्या की विचारतातच. "मुलंबाळं किती?"

रुसमिनी म्हणाली, "एक मुलगा आहे. एक मुलगी होती."

ती पुढं सांगत होती, पण दगडूनं भाषांतर थांबवलं. इंदूबाई म्हणाल्या, "सांग बाबा. ती सांगते ते सगळं सांग."

तेव्हा कळलं ते असं. आधी तिथं जंगल होतं. तिचा बाप वेत आणायचा, मध काढायचा, मासे धरायचा. कंपनीनं कागद दाखवला, ही जमीन आमची. आग लावली. तिथली जमीन कशी — वर माती आणि खाली शेकडो वर्षांचा कुजलेला पाला. तो पालाच पेटला. जमिनीच्या पोटात आग! दोन महिने विझेना. भरदुपारी सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा लाल दिसायचा. जंगलातले मोठे वानर पिल्लं छातीशी धरून गावात आले. त्यांना ती माणसं ओरांग उतान म्हणतात, म्हणजे जंगलातली माणसं. लोकांनी काठ्या मारून हाकलले त्यांना, कारण खायला यांनाच नव्हतं. आणि रुसमिनीची दीड वर्षाची मुलगी धुरानं धापा टाकायला लागली. दवाखाना नदीच्या खालच्या अंगाला. होडीत घेऊन निघाले. धुरात पुढचं दिसेना, नाव हळू चालवावी लागली. पोर होडीतच गेली.

मग जमीन गेलेली, जंगल गेलेलं. त्याच कंपनीत ही फवारायला लागली आणि नवरा पामच्या फळांचे घड तोडायला. दुसरं काम होतंच कुठं?

हे सांगताना रुसमिनी रडली नाही. तिनं उलट विचारलं, "हे तेल तुमच्याकडे जातं म्हणतात. तुमच्या गावात आधी तेल नव्हतं का?"

सबंध तालुक्याला बोलण्यात गुंडाळणारे शेठ डोक्यावरची कंपनीची टोपी काढून खिशात कोंबायला लागले. इंदूबाई म्हणाल्या, "होतं की. आमच्या दारातच घाणा होता."

"मग इथं कशाला आलात?"

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. साहेब आले. त्यांनी विचारलं, काय बोलणं चाललं होतं? दगडू सवयीनं 'पाहुण्यांना फार आवडलं' म्हणायला गेला. मग म्हणाला, "साहेब, आज मला नीट भाषांतर जमत नाही."

विमानात शेठ कोटाच्या बटणांशी चाळा करत बसले. इंदूबाई एवढंच म्हणाल्या, "अहो, तिनं दोन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर मी दिलं. दुसऱ्याचं तुम्ही द्यायचं आहे."

महिन्याभरानं नगरला कंपनीचा सत्कार समारंभ. शेठला शाल, श्रीफळ, ढाल. माइक हातात दिला, दौऱ्याचा अनुभव सांगा. लोकांची अपेक्षा — हॉटेल कसं होतं, जेवण कसं होतं. शेठ उभे राहिले. हिरवंगार म्हणायला गेले आणि तो शब्द अर्ध्यातच सोडला. म्हणाले, "तिथं एका बाईनं विचारलं, तुमच्याकडे तेल नव्हतं का. होतं, मंडळी. माझ्या बापाच्या घाण्याचं. तो मी माझ्या हातानं फोडून जाळला. त्यांचं जंगल दुसऱ्यानं जाळलं, पण त्याचं तेल मी विकलं. आजपासून विकणार नाही." आणि ढाल टेबलावर ठेवून खाली बसले.

सभागृहात काय झालं असेल? टाळ्या! सूत्रसंचालक म्हणाला, "शेठ भावुक झालेत. आता सर्वांनी भोजनाला चलावं, गरम पुऱ्या तयार आहेत." पुऱ्या कशात तळल्या होत्या, ते विचारू नका. एका विक्रेत्यानं जाता जाता विचारलंसुद्धा, "पुढचा दौरा कुठं आहे?"

शेठनं शब्द पाळला. एजन्सी सोडली. दारात पुन्हा लाकडी घाणा बसवला, या वेळी मोटरीवर. आसपासच्या रानातली करडई, भुईमूग. सकाळी वास सुटला की म्हातारी माणसं रस्त्यात थांबायची. डोळ्यांत पाणी आणायची. "भास्करा, बापाची आठवण करून दिलीस रे. देवमाणूस आहेस." असं म्हणायची आणि पुढच्या दुकानातून पामतेलाची पिशवी घेऊन घरी जायची. एजन्सी शेजाऱ्यानं घेतली होती ना!

शाळेनं भास्करशेठचं भाषण ठेवलं. मंडळानं फलकावर फोटो लावला. सगळ्या गावानं त्यांना डोक्यावर घेतलं. तेल तेवढं घेतलं नाही. का? महाग पडतं. बरोबरच आहे, महाग आहेच. स्वस्त तेलाची उरलेली किंमत रुसमिनीनं भरलेली असते.

तरी घाणा चालू आहे. पंचवीस-तीस घरं नेमानं नेतात. इंदूबाई स्वतः पेंड काढतात. मी गेलो होतो. विचारलं, "शेठ, कसं चाललंय?" म्हणाले, "बुवा, धंदा निम्म्याच्याही खाली आलाय. पण हिच्याशी आता डोळे वर करून बोलता येतं."

आता तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही काय करावं? गरिबानं काय खावं? ज्याची चूलच जेमतेम पेटते, त्याला मी एक अक्षर बोलणार नाही. तो गेला तरी चालेल घरी. बाकीचे बसा. ज्यांच्या दारात दोन गाड्या आहेत, ज्यांनी लेकीच्या लग्नात अकरा प्रकार तळले आणि निम्मे उकिरड्यावर टाकले, ते जरा पुढं सरकून बसा.

आणि मीही बसतो तुमच्यातच. काल मुक्कामी भजी झाली. चार वेळा मागून खाल्ली. तेल कोणतं, विचारलं का मी? नाही विचारलं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर भजी खाली ठेवावी लागली असती. पाप लपून बसतं असं आपण म्हणतो. ते कुठंही लपत नाही, मंडळी. त्याचा पत्ता विचारायचा आपणच टाळतो.

आज मंदिराच्या मागं प्रसादाची बुंदी पाडणं चालू आहे. मी आत डोकावून आलो. डब्यांवर काय लिहिलंय ते मी सांगणार नाही. तुम्हाला वाचता येतं.

चला, आता नामाचा गजर करू. दोन्ही हात वर करा सगळ्यांनी. चांगले उंच करा, काका. पांडुरंगाला बघू द्या, कुणाचे किती तेलकट आहेत ते.