झोपायला कॅन्सस, शिकायला ओक्लाहोमा

…नाही, बसा ना साहेब, खुर्ची मोडकी दिसते पण मोडत नाही. राजधानीतून अडीचशे मैल गाडी हाकत आलात – केवढी काळजी सरकारला! बारा वर्षांत इथला रस्ता बघायला कुणी फिरकलं नाही, पण माझी डार्सी कुठे बसून अभ्यास करते ते बघायला माणूस हजर. ऑनलाइन सरकारी शाळा फक्त ओक्लाहोमात राहणाऱ्या मुलांसाठी, मान्य. आणि तुमचा कॉम्प्युटर म्हणतो, ही मुलगी कॅन्ससमधून शिकते, म्हणून शुक्रवारी तिचं नाव कापणार. बारावी संपायला सहा आठवडे उरलेत – मुहूर्त तरी काय शोधलाय!

जरा तुमचा फोन काढा. काढा हो. काय दाखवतोय? कॅन्सस. म्हणजे तुम्हीही आत्ता परराज्यात आहात, तुमचा अधिकार संपला म्हणायचा! अहो, मोबाइलचा टॉवर तिकडे आहे, गव्हाच्या शेतात, आणि डार्सीचं इंटरनेटही त्यावरूनच येतं. राज्याची हद्द माझ्या मागच्या कुंपणावरून जाते, आणि टॉवरला कुंपण दिसत नाही. हे मी तीनदा पत्रात लिहिलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ मोलाचा आहे म्हणूनच जपून ठेवला असणार कुठेतरी.

कॉफी देते – नको? बरंच झालं, पाणीच नाही. म्हणजे आहे, बोअरमध्ये आहे, वर येत नाही. जानेवारीत ड्वेन, माझा नवरा, घर सोडून गेला आणि जाताना पंप काढून घेऊन गेला. लग्नाचे फोटो ठेवले, पंप नेला. कुणाचा जीव कशात अडकलेला असतो! मग पाण्यावाचून रात्री इथे कशा काढायच्या – ना भांडी, ना आंघोळ – म्हणून आम्ही मायलेकी झोपायला रोवीनाकडे जातो. माझी बहीण ती. इथून सहा मैल, उत्तरेला.

उत्तरेला म्हणजे… हो. उत्तरेला कॅन्ससच लागतं.

आता पेन कशाला उघडलंत? थांबा, पुढचंही ऐका. रोज सकाळी सातला आम्ही या घरात येतो. रोज. फेब्रुवारीत बर्फात गाडी रुतली तर शेवटचा अर्धा मैल चालत आलो. इथे शेगडी बंद, ही कोट घालून, हातमोज्यांची बोटं कापून टाइप करत बसली. मी म्हटलं, अगं, मावशीकडे ऊब आहे, तिथेच उघड ना लॅपटॉप, कोण बघतंय? तर म्हणाली, “आई, अर्जावर मी ओक्लाहोमा लिहिलंय.” सतरा वर्षांची पोर! तुम्ही सांगा साहेब, तुमच्या शाळेत कोण शिकतं – झोपलेली मुलगी की जागी? जागी मुलगी इथेच असते. आमच्या घराण्यात बारावी कुणी बघितलेली नाही. मी दहावीत सोडली, पोटात हीच होती – जाऊ दे, त्याला तुमच्या फॉर्मात रकाना नसेल.

लिहा. जे ऐकलंत ते सगळं लिहा, रोवीनाचा पत्ताही देते. मला खोटं बोलायचं होतं खरं, सकाळपासून तयारी केली होती, पण जमलं नाही. फक्त खाली एक ओळ घाला – आज तपासणीला आलो तेव्हा मुलगी वर्गात होती.

आणि आता निघा. दार हळू ओढून घ्या, आत तिची गणिताची परीक्षा चालू आहे.